शेवटून दुसरा परिच्छेद

कोइम्ब्राच्या विद्यापीठातल्या घंटेला लोक शेळी म्हणतात.
ती सहाला ओरडली तेव्हा
माझ्या पडद्यावर एक्केचाळीस हजार टिंबं होती.
टिंब म्हणजे माणूस.
रेघ म्हणजे दोघांनी मिळून लिहिलेला निबंध.
वीस वर्षांचा हिवताप : लिस्बन, लंडन, बासेल, बैरा.
मधोमध दाट टिंबं, एकमेकांना लगटून.
कडेला बैरा, एकेका रेघेवर लोंबणारं,
दोरीवर वाळत घातलेल्या मोज्यांसारखं.

आधी नावं धुवून घ्यावी लागतात.
झेड. माटेंजे, झुल्मिरा माटेंजे, माटेंजे झेड. ए. –
बाई एक, की तिघी?
लिस्बनवाल्यांच्या नावापुढे सोळा आकडी ओळखक्रमांक,
हिच्यापुढे मोकळी जागा.
मशीन म्हणालं, शून्य पूर्णांक बासष्ट.
एवढ्यावर मी कुणाला जन्माला घालू,
कुणाला पुसू?

नावांची ओळ मी वाढप्याच्या नजरेने बघते.
पहिला पाट, ज्याने लिहिलं त्याचा.
शेवटचा, ज्याच्या नावावर पैसा आला त्याचा;
या पंगतीत शेवटच मानाचा.
मधले जेवून उठतात, कुणाच्या लक्षात राहत नाहीत.
शंभरातल्या ऐंशी निबंधांत रक्ताचे नमुने बैराचे.
शेवटच्या पाटावर बैरा : शंभरात चार.
पंक्तिप्रपंच, पण दशांश चिन्हासकट.

प्रोफेसर आल्मेरिंदु खूश होते.
'सहकार्य वाढतंय, बघ, केवढ्या रेघा!'
रेघा खऱ्याच होत्या.
कुठलं टोक जड, ते रेघ सांगत नाही.

मग एका रात्री हट्टाने
मी मशीनला निबंधांची शेपटं वाचायला लावली.
ऋणनिर्देश. बारीक टाइप, शेवटून दुसरा परिच्छेद.
पहाटे तीनला डास पकडल्याबद्दल.
वीज गेली तेव्हा मासळीबाजारातून बर्फ आणल्याबद्दल.
सेना भाषेत आयांची समजूत काढल्याबद्दल.
पुरातही जीप चालवल्याबद्दल.
नाव असलं तर एकेरी,
नाहीतर नुसतंच : गावकरी.

मशीनला 'बद्दल' कळेना.
म्हणून व्हेनांसियु आला, बैराचाच, एम.ए.चा पोरगा,
तासावर पैसे, रात्रपाळी बेकरीत.
चार हजार दोनशे आभार त्याने हाताने निवडले,
कीबोर्डच्या फटींत त्याचं पीठ अजून आहे.
एकदा मोठ्याने हसला.
'हा जीपवाला अल्फेउ, माझ्या मावशीचा नवरा!
हॉर्न बिघडलेला, तोंडाने वाजवायचा.'
माझ्याकडे हॉर्नसाठी रकाना नव्हता.

नवी टिंबं अकरा हजार.
चित्र कुरूप झालं, कडेला झुंबड, मध्ये भोकं.
'हा गोंगाट आहे,' सर म्हणाले, 'काढून टाक.'
आवाज चढवला नाही त्यांनी.
शुक्रवारी निबंध पाठवायचा होता.

निबंध झाला.
पहिली मी. शेवटी आल्मेरिंदु.
मध्ये दोघे, ज्यांनी एकदा कॉफी पिताना
बरी सूचना केली होती.
आणि खाली, बारीक टाइपात :
वर्गवारीतल्या मदतीबद्दल व्हेनांसियुचे आभार.

माझ्याच बोटांनी लिहिलं होतं.
मला आठवतही नव्हतं कधी लिहिलं.

शेळी पुन्हा ओरडली. खाली काळे झगे घातलेली पोरं
उतारावरून मोंदेगु नदीकडे गेली, गात.
मी त्याला दोन ओळी पाठवल्या :
तुझं नाव कळव. छापायला हवं तसं, पूर्ण.

उत्तर बेकरीतून, मध्यरात्रीनंतर.
व्हेनांसियु तोमु दा कोन्सेइसांव न्यामासांगु.
'आईकडचंही घ्या. नाहीतर ती मला जेवू घालणार नाही.'

नाव रकान्यात मावेना.
वीस अक्षरांचा रकाना
मीच ठरवला होता, गेल्या वर्षी, घाईत.
तो रुंद करायला एक ओळ पुरते,
फक्त त्याच्या पुढचं सगळं मोडतं.

ती ओळ लिहिली.
पडद्यावर अजून लाल अक्षरं येताहेत.